बँकर लावा, इंजिन काढू नका

माझ्या आत्याच्या उजव्या पायाचं एक बोट गेल्या वर्षी गणपतीनंतर कापावं लागलं.

आत्या कर्जत तालुक्यात राहते, कशेळ्याच्या पुढे, भीमाशंकरच्या डोंगराच्या बाजूला. वय अठ्ठावन्न. अकरा वर्षांचा मधुमेह आणि चाळीस पावसाळ्यांच्या भातलावणीने झिजलेले दोन गुडघे. वैशाखात गावच्या समाजमंदिरात अ‍ॅक्युपंक्चरचं शिबिर भरलं. पहिला दिवस मोफत, पुढे दहा बैठकांचे पाच हजार. पत्रकावर गुडघेदुखी, मायग्रेन, थायरॉईड, वंध्यत्व, अर्धांगवायू आणि मधुमेह एकाच ओळीत, स्वल्पविराम देऊन. आत्या गुडघ्यांसाठी गेली. चौथ्या बैठकीला सुईवाला म्हणाला, "ताई, त्या साखरेच्या गोळ्या किडनी खातात. बंद करा. सुईने साखर मुळातून जाईल."

आत्याने गोळ्या बंद केल्या. आषाढात लावणी आली. चिखलात पायाला काहीतरी बोचलं आणि तिला कळलंच नाही, कारण अकरा वर्षांच्या साखरेने पायाच्या नसा आधीच बधिर केल्या होत्या. जखम आतून चिघळत गेली. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा साखर चारशेच्या वर होती.

हा लेख मी तेव्हाच रागाच्या भरात लिहिणार होतो. 'अ‍ॅक्युपंक्चर: एक थोतांड' असं शीर्षकही ठरलं होतं. पण हॉस्पिटलच्या पलंगावर बसून आत्या मला म्हणाली, "तू काही म्हण, पण गुडघा खरंच हलका झाला होता रे."

आत्या खोटं बोलत नाही. त्यामुळे शीर्षक बदलावं लागलं आणि मला बरंच वाचावं लागलं.

सुई म्हणजे नक्की काय

आधी ओळख करून घेऊ. अ‍ॅक्युपंक्चरची सुई इंजेक्शनची नसते. ती भरीव असते, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, आणि तिच्यातून कुठलंही औषध आत जात नाही. ठरलेल्या बिंदूंवर ती टोचतात, थोडी फिरवतात आणि वीस-तीस मिनिटं तशीच ठेवतात. कधी सुयांना वायर जोडून हलका वीजप्रवाह देतात. चिनी वैद्यकाप्रमाणे शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती वाहते, तिच्या बारा मुख्य वाहिन्या आहेत आणि प्रवाह अडला की आजार होतो. सुई तो अडथळा काढते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये अशा ३६१ बिंदूंच्या जागा प्रमाणित करून छापल्या. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग हा त्यातला एक, गुडघ्याच्या वाटीखालचा एक, मनगटाच्या आतल्या बाजूला तीन बोटं वरचा एक.

'ची' आजवर कुणाला सापडलेली नाही. शवविच्छेदनात वाहिन्या दिसत नाहीत. पण सुई टोचल्यावर शरीरात काहीच घडत नाही असंही नाही. मज्जातंतू उत्तेजित होतात, आणि वेदना दाबणारी एंडॉर्फिनसारखी द्रव्यं शरीर स्वतःच सोडतं, असं दाखवणारे प्रयोग १९७० च्या दशकापासून झालेले आहेत. म्हणजे सिद्धांत चुकीचा असूनही सुईचा उपयोग होऊ शकतो. आम्हा प्रोग्रामर लोकांना याचं नवल वाटायला नको. कोडवरची कॉमेंट साफ चुकीची असते आणि कोड चालत असतो, हे आम्ही रोज बघतो.

प्रश्न एवढाच की चालतं ते नक्की काय, आणि कुठवर.

दात कोरायच्या काडीची गोष्ट

अ‍ॅपमधलं बटण हिरवं केल्याने जास्त लोक ते दाबतात का, हे कळायला आम्ही अर्ध्या लोकांना हिरवं दाखवतो, अर्ध्यांना निळं, आणि मोजतो. सुईच्या बाबतीतही हे करता येतं. अडचण एकच: सुई टोचली की नाही हे माणसाला कळतं. म्हणून संशोधकांनी खोटी सुई शोधून काढली.

२००९ मध्ये अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या ६३८ लोकांवर एक चाचणी झाली. काहींना खऱ्या सुया टोचल्या. काहींना नळीतून दात कोरायची काडी लावून फिरवली. कातडीच्या आत काहीच गेलं नाही. काहींचे फक्त नेहमीचे उपचार चालू ठेवले. आठ आठवड्यांनी बघितलं, तर रोजच्या हालचाली चांगल्यापैकी सुधारलेले लोक सुईच्या गटांत ६० टक्के, नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के. आणि काडीच्या गटात? तेही ६० टक्क्यांच्या आसपासच.

त्याआधी २००७ मध्ये जर्मनीतली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली होती. १,१६२ रुग्ण, तीच कंबरदुखी. खऱ्या सुईने ४७.६ टक्के लोकांना फरक पडला. भलत्याच जागी उथळ टोचलेल्या खोट्या सुईने ४४.२ टक्के. औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम या नेहमीच्या वाटेने २७.४ टक्के.

हे आकडे दोनदा वाचा, कारण दोन्ही बाजूंचे लोक त्यातला अर्धाच भाग सांगतात. सुईवाला सांगतो, "बघा, औषधापेक्षा सुई भारी." माझे विवेकवादी मित्र सांगतात, "बघा, काडी आणि सुई सारखीच." दोघेही खरं बोलतात आणि दोघेही उरलेलं अर्धं खिशात ठेवतात. पूर्ण गोष्ट अशी: बिंदू कुठला, वाहिनी कुठली, याने फारसा फरक पडत नाही, पण कुणीतरी आपल्याला झोपवून, हात लावून, अर्धा तास आपल्याकडे लक्ष देतंय, याने दुखण्यात पुष्कळ फरक पडतो.

खरी सुई खोटीपेक्षा थोडी सरस ठरते, हेही सांगायला हवं. २०१८ मध्ये ३९ चाचण्यांमधल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. पाठ, मान, गुडघे, खांदा, डोकेदुखी अशा जुनाट दुखण्यांत खऱ्या सुईचा खोटीवर छोटा पण खरा फायदा दिसला. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर मनगटाच्या बिंदूचा उपयोग होतो, याचेही चांगले पुरावे आहेत. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेने, 'नाइस'ने, २०१६ मध्ये कंबरदुखीला अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका असं सांगितलं आणि २०२१ मध्ये जुनाट प्राथमिक वेदनेला विचार करायला हरकत नाही असं सांगितलं. जाणकारांचंही पूर्ण एकमत नाही, इतका हा फायदा मध्यम आहे. पण तो आहे. आत्याचा गुडघा हलका झाला होता.

मात्र ही सगळी यादी दुखण्याची आणि मळमळीची आहे. तिच्यात मधुमेह नाही. मेटफॉर्मिन किंवा इन्शुलिन सोडून सुईवर राहावं, असं सांगणारा भरवशाचा पुरावा नाही. दुखणं आणि आजार यांच्यामधली रेघ पत्रकावरचा तो स्वल्पविराम पुसून टाकतो. माझं भांडण त्या स्वल्पविरामाशी आहे.

पत्रकावरची वाक्यं

पहिलं वाक्य: 'जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता.' या संघटनेने २००३ मध्ये एक अहवाल छापला, त्यात आजारांची लांबलचक यादी होती. तेव्हापासून ती यादी जगभरच्या पत्रकांवर फिरतेय. त्या अहवालावर कडक टीका झाली, कारण कच्च्या चाचण्याही त्यात धरल्या होत्या. १९९८ मध्ये काही संशोधकांनी देशवार निकाल तपासले, तेव्हा चीनमधून आलेली अ‍ॅक्युपंक्चरची प्रत्येक चाचणी यशस्वी निघाली होती. ज्या टेस्ट सूटमध्ये एकही टेस्ट कधी फेल होत नाही, त्यावर कुठला टेस्टर विश्वास ठेवेल?

दुसरं: 'हजारो वर्षांची परंपरा.' चीनमधले जुने ग्रंथ दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत, हे खरं. पण १८२२ मध्ये चीनच्याच बादशहाने राजवैद्यकीय संस्थेतून अ‍ॅक्युपंक्चर काढून टाकलं होतं. ते पुन्हा जोमाने आलं माओच्या राज्यात, कारण देश प्रचंड, डॉक्टर मूठभर आणि सुई स्वस्त. माओच्या खासगी डॉक्टरने आठवणींत लिहून ठेवलंय की माओचा स्वतःचा चिनी वैद्यकावर विश्वास नव्हता. जनतेला सुई आणि साहेबाला आधुनिक डॉक्टर, हा हिशेब आपल्याला अनोळखी नाही. वाडीवर शिबिराची फीत कापणारे पाहुणे छातीत दुखलं की कुठे जातात, ते त्यांच्या गाडीच्या मागे जाऊन बघा. ती गाडी मुंबईच्या दिशेने जाते.

तिसरं वाक्य खास मराठी माणसासाठी: 'डॉ. कोटणीसांचा वारसा.' सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे, म्हणूनच सांगतो: कोटणीस सर्जन होते. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले. युद्धात त्यांनी जखमी सैनिकांवर दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या. भारतात अ‍ॅक्युपंक्चर आणलं ते त्याच पथकातल्या कोलकात्याच्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, १९५० च्या दशकाच्या शेवटी चीनमध्ये जाऊन ते शिकल्यावर. कोटणीसांचा वारसा सांगायचाच तर तो एवढाच आहे की रुग्णासमोर जे खरोखर उपयोगी पडतं ते करा. त्यांचा फोटो लावून कुणाच्या साखरेच्या गोळ्या बंद करणं हा त्यांचा अपमान आहे.

चौथं: 'साइड इफेक्ट शून्य.' निर्जंतुक, एकदाच वापरायची सुई आणि शिकलेला हात असेल तर धोका खरंच कमी आहे. पण छातीवर, खांद्यावर सुई खोल गेली तर फुफ्फुसाला छिद्र पडू शकतं. तीच सुई दुसऱ्याला टोचली तर कावीळ जाऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्राव होऊ शकतो. आणि सगळ्यात मोठा साइड इफेक्ट सुईचा नसतोच, तो तोंडाचा असतो. "गोळ्या बंद करा" हे तीन शब्द सुईवाल्याच्या तोंडून बाहेर पडतात आणि बोट रुग्णाचं जातं.

पण लोक जातात का?

आत्याला मी विचारलं, "तू त्याचं ऐकलंस कसं? अकरा वर्षं डॉक्टर सांगतायत ते नाही ऐकलंस."

ती म्हणाली, "त्याने आधी माझं ऐकलं."

या उत्तरावर मला आजही प्रत्युत्तर सापडलेलं नाही. सरकारी दवाखान्यात मेटफॉर्मिन फुकट मिळतं. ते आणायला ती पहाटेची कामं उरकून निघायची, एसटी किंवा सहा आसनी रिक्षा पकडायची, दोन तास रांगेत उभी राहायची आणि दोन मिनिटांत बाहेर यायची. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांच्या दारात शंभर माणसं होती. शिबिरात मात्र तिला गादीवर झोपवलं, नाव विचारलं, लावणीला किती वर्षं जातेस हे विचारलं, गुडघ्याला हात लावला.

या अर्ध्या तासाची किंमत मोजलेली आहे. २००८ मध्ये बोस्टनमध्ये पोटाच्या जुनाट तक्रारीच्या २६२ रुग्णांवर प्रयोग झाला. सुया सगळ्यांनाच खोट्या. एक गट नुसता यादीत वाट बघत ठेवला. त्यात २८ टक्के लोकांना पुरेसा आराम वाटला. दुसऱ्याला न बोलता खोटी सुई लावली, ४४ टक्के. तिसऱ्याला तीच खोटी सुई, पण पहिल्या भेटीत पाऊण तास आपुलकीने विचारपूस; ६२ टक्के. सुई तीच, बिंदू तेच. फरक विचारपुशीचा.

म्हणून शहरातल्या माझ्या मित्रांवरही माझा राग आहे. "अडाणी लोक, फसतात" असं ते म्हणतात. हेच मित्र ऑफिसच्या सहलीला खालापूरच्या बाजूच्या एका रिसॉर्टवर येतात आणि 'डिटॉक्स अ‍ॅक्युपंक्चर'चं पॅकेज घेऊन सेल्फी टाकतात. शरीरातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडं बसलेली आहेत. सुईने ती निघत नाही. पण रिसॉर्टवाला त्यांना ब्लडप्रेशरची गोळी बंद करायला सांगत नाही आणि सांगितली तरी त्यांच्या खिशात विमा आहे. तेच खोटं त्यांना एका वीकेंडला पडतं, आत्याला एका बोटाला.

विंचू आणि वही

"गावात कसली चाचणी आणि कसला पुरावा" असं कुणी म्हटलं, की मी त्याला आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला घेऊन जातो. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा माणसं मरायची, लहान मुलं तर जास्तच. गावोगावी विंचू उतरवणारे होते आणि त्यांचं यशही डोळ्यांना दिसायचं, कारण बरेचसे दंश आपोआपच उतरतात. मंत्र म्हटला तरी आणि न म्हटला तरी.

बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसले आणि त्यांनी नोंदी केल्या. घाम किती, नाडी किती, रक्तदाब किती, फुफ्फुसात पाणी कधी भरतं. त्यातून विष हृदयावर काय करतं ते कळलं आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी कामी आली. गंभीर रुग्णांमधला मृत्युदर चाळीस टक्क्यांच्या घरातून एक टक्क्याच्या आसपास आला. पुढे प्रतिविष उपलब्ध झालं तेव्हाही त्यांनी ते नुसतं वापरलं नाही, तपासलं. महाडच्या ७० रुग्णांपैकी निम्म्यांना प्राझोसिन आणि निम्म्यांना प्राझोसिनसोबत प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्यात ३५ पैकी ३२. हे २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. रायगडातल्या तालुक्याच्या गावातून.

मग शिबिरवाल्याला वही ठेवायला काय झालं? दहा बैठका झालेल्या माणसाला तीन महिन्यांनी एक फोन करायला काय लागतं? आत्याला कुणाचाही फोन आला नाही. तिचं नाव त्यांच्याकडे 'गुडघा बरा' या रकान्यात असेल. बोट गेल्याचा रकाना त्या वहीत नाही.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एक कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. मर्म 'रोखून' या शब्दात आहे. माझी मागणी तेवढीच आहे: हाच नियम सुईलाही लावा, आणि विंचवासारखाच मधुमेहालाही.

कर्जतकरांना कळेल असं

कर्जत स्टेशनवर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात. वडापाव घेता यावा म्हणून थांबतात असं प्रवाशांना वाटतं. खरं कारण बोरघाट. १:३७ चा चढ एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून मागून बँकर इंजिनं जोडतात. ती ढकलतात. चढ संपला की सुटतात. बँकर लावला म्हणून पुढचं इंजिन काढून ठेवा, असं आजवर एकाही स्टेशन मास्तरने सांगितलेलं नाही.

अ‍ॅक्युपंक्चर हा बँकर आहे. गुडघा, कंबर, मान, अर्धशिशी या चढावर लावून बघा. चार-सहा बैठकांत फरक पडला नाही तर सोडा. पण साखर, रक्तदाब, थायरॉईड, फिट, क्षय, कर्करोग यांचं इंजिन तुमचं औषध आहे, आणि ते काढायला सांगणारा माणूस कितीही गोड बोलत असला तरी त्याच्या गादीवरून उठा.

सोनारानेच कान टोचावेत असं आपल्याकडे म्हणतात, सुईलाही ते लागू आहे. महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला, केंद्राने २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. म्हणजे नोंदणी विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. विचारा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. आणि तो तुमचे आधीचे रिपोर्ट मागतो का ते बघा. न मागणारा माणूस तुमचा आजार बघत नाही, बैठका मोजतो.

सरकारकडेही एक मागणी आहे. लोकांना तो अर्धा तास हवा आहे, तर तो दवाखान्यात द्या. जास्त डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, रुग्णाचं ऐकून घेईल असा एक समुपदेशक. दोन मिनिटांची ओपीडी चालू राहील तोवर समाजमंदिरातल्या गाद्या रिकाम्या राहणार नाहीत.

आत्या आता पुन्हा सुया टोचून घेते. महिन्यातून दोनदा, कल्याणला, एका नोंदणीकृत डॉक्टरकडे. पहिल्या दिवशी त्यांनी साखरेचा रिपोर्ट मागितला, पायाचे तळवे तपासले आणि सांगितलं, "गोळी चुकवली तर मी सुई लावणार नाही."

मी तिला ट्रेनमध्ये बसवून देतो. गोळ्यांची डबी तिच्या पिशवीत आहे ना, ते बघतो. गुडघा हलका आहे म्हणते.